टकटकीची शिकवणी

एकतीस वर्षं मी पगार घेऊन मोठ्यानं वाचलं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई रेडिओवर होत्या. रेडिओ कुठला, मी छापखान्यात होते. तळमजल्यावर जिन्याखालची खोली, आणि खिडकी उघडली की समोर कागदाच्या रिळांची थप्पी. पुस्तक छापण्याआधी प्रत्येक पानाचं एक कच्चं प्रूफ निघतं. मी लेखकाची मूळ प्रत हातात धरून वाचायची आणि समोर बसलेला मुद्रितशोधक प्रूफवर नजर ठेवून चुका पकडायचा. वाचणाऱ्याला कॉपीहोल्डर म्हणतात. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं तोंडानं म्हणायचं. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला ‘जेवायला चला पूर्णविराम’ म्हणाले होते. तो बिचारा शेवटपर्यंत ते लोकांना सांगत राहिला.

आमच्याकडे शाळेची इंग्रजी पुस्तकं यायची, आणि इंग्रजीनं एक खोडी करून ठेवली आहे. बोलताना एकच वाटणारे शब्द कागदावर वेगळे निघतात. ‘कडे’ या अर्थाचा टू, ‘सुद्धा’ या अर्थाचा टू आणि आकड्यातला टू. ऐकायला तिघं सख्खे, लिहायला गेलं तर कुणी कुणाला ओळख देत नाही. प्रत्येक वेळी एकेक अक्षर सांगत बसलो असतो, तर पुस्तक हातात पडेपर्यंत मुलांची लग्नं झाली असती. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. जो शब्द जास्त येतो त्याला काही नाही. दुसऱ्याला टेबलावर पेन्सिलीची एक टक. तिसरा असला तर दोन.

आम्ही म्हणजे मी आणि भिंगराव. खिशात सदैव भिंग, म्हणून हे नाव. माणूस कमी बोलणारा. मी वाचत असताना उजव्या हातात लाल पेन, आणि डावा तळहात टेबलावर पालथा पसरलेला, ताटाची वाट बघत बसल्यासारखा. शेवटी शेवटी तर मला त्या हाताचा रागच यायचा. मी घसा फोडून वाचते आहे आणि हे आपले आरामात पसरलेले.

चार वर्षांपूर्वी छापखाना बंद झाला. निरोपाच्या दिवशी मालकांनी भिंगरावांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि म्हणाले, “या माणसाच्या नजरेतून एक चूक कधी सुटली नाही.” भिंगरावांनी मान लववली आणि खाली बसले. माझं नाव घेतलं नाही. नजर त्यांची, कबूल. पण वाचत कोण होतं, घड्याळ? त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. राग माझ्या नाकावर असतो, आणि नाकही लहान नाही.

घरी बसून काय करणार? मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जातात. सूनबाई दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणाली, “आई, तुम्ही इमारतीतल्या मुलांना वाचून दाखवा. निदान भिंतींना तरी सुट्टी मिळेल.” मग जेवणाच्या टेबलाभोवती रोज संध्याकाळी एकाच शाळेतली, एकाच वर्गातली सात मुलं बसू लागली. आजी म्हणेल त्याला घरी पाठवीन, असं पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून मावशी म्हणतात. पाठीमागे टकटक मावशी म्हणतात, तेही मला माहीत आहे.

शिकवायची माझी एकच रीत. छापखान्यातली, पण उलटी केलेली. तिथे मी ठोकायची. इथे मी ठोकलं असतं तर डोकं माझंच चाललं असतं. म्हणून मी वाक्य वाचायचं, आणि मुलांनी सारखा वाटणारा शब्द आला की थांबायचं. कुठला ते ठरवायचं, तेवढ्या टका पेन्सिलीनं टेबलावर मारायच्या आणि मगच लिहायचं. आधी ठोक, मग लिही. सूर्याच्या सनला काही नाही, मुलगा या अर्थाच्या सनला एक. डोक्यावरच्या केसांच्या हेअरला काही नाही, तसाच ऐकू येणाऱ्या सशाच्या हेअरला एक. महिन्याभरात टेबलाच्या कडेवर खळगे पडले. मुलगा म्हणाला, आई, टेबलाला देवी आल्यात.

चौथ्या मजल्यावरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी यांच्यातच. वय दहा, अंगानं एवढीशी आणि क्षणभर स्वस्थ नाही, म्हणून मुंगी. पुस्तक कुठलंही द्या, घडाघडा वाचायची. पण ऐकून लिहायला सांगितलं की जो शब्द आधी हाताशी आला तोच कागदावर. इंग्रजीच्या श्रुतलेखनात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर त्याच वर्गात ठेवणार, असं शाळेनं कळवलं होतं.

तिचा बाप एकदा कामाच्याच कपड्यांत दारात आला. हात काळे म्हणून दाराला शिवला नाही. “मावशी, ही म्हणते, मागे ठेवलं तर शाळेतच जाणार नाही. लिफ्ट अडकली तर कुठल्या मजल्यावर अडकली ते मला कळतं. ही कुठे अडकते तेच कळत नाही.”

“अडकत नाही हेच दुखणं आहे,” मी म्हटलं. “हिला कुठेतरी थांबवायला पाहिजे.”

आणि टकटकीनं ती थांबली. तीन महिने लागले. आधी ठोकायची आणि ठोकताना विचार करायची, मग पुढे पुढे विचार करून ठोकायला लागली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वीस वाक्यं घातली, तिनं एकोणीस बरोबर लिहिली. मी तिला शाबासकी दिली, आणि मनातल्या मनात स्वतःला त्याहून मोठी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातही जण रडत आले.

झालं होतं ते असं. वर्गात चाळीस मुलं. मुख्याध्यापिका बाई स्वतः वाक्यं वाचत होत्या. तिसऱ्या वाक्यात आकड्यातला टू आला आणि वर्गाच्या सात कोपऱ्यांतून सात पेन्सिली एकदम वाजल्या. टक टक. बाई थांबल्या. पुढच्या वाक्यात मुलगा आला, सात पेन्सिलींची एक टक. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं, मग सातही कागद गोळा केले. सातही जणांचं जवळजवळ सगळं बरोबर. एकमेकांना खुणा करून कॉपी केली म्हणून सातही जणांना शून्य. इतरांना एका शून्यानं फरक पडत नव्हता. मुंगीचं वर्ष जाणार होतं.

मला एकदाही सुचलं नव्हतं की मुलं तिथेही ठोकतील. खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षं मी अशा खोलीत काढली होती जिथे ठोकणं हेच काम होतं. ठोकल्याचं कुणाला वावगं वाटेल, हे डोक्यातच आलं नाही.

शाळेत जायला निघाले तेव्हा सूनबाई चप्पल घालता घालता म्हणाली, “आई, फक्त ऐकून घ्या. बोलू नका.”

“मी कुठे बोलते?”

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मुख्याध्यापिका बाई माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले, टेबलावर खडूची धूळसुद्धा रांगेत. मी बसायच्या आतच सांगून टाकलं, “ठोकायला मीच शिकवलं.”

“म्हणजे तुम्ही कबूल करता.”

“कबूल काय करायचंय? अभिमानानं सांगते. छापखान्यात आम्ही हेच करायचो.”

“छापखान्यात परीक्षा होती?”

“रोज.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाच मिनिटांत माझा आवाज व्हरांड्यात पोचला आणि बाईंचा आवाज आणखी खाली गेला, जे जास्त वाईट. त्या म्हणाल्या, “एकानं ठोकलं की सहा जणांना उत्तर कळतं. ती सात मुलं चोर आहेत असं मी म्हणत नाही. पण मी बाकीच्या तेहतीस मुलांची पण बाई आहे.”

ते खरं होतं.

मग त्याच म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी पुन्हा घेते. एकेकाला माझ्या खोलीत बोलावून. दहा वाक्यं, सात बरोबर तर पास. पण पेन्सिलीचा आवाज नको. इथे परीक्षा असते, सुतारकाम नाही.”

एकेकाला, म्हणजे खुणा करायला समोर कुणीच नाही. रास्त होतं. मी हसत हसत घरी आले. मुलांना सांगितलं, आजपासून न ठोकता. सहा जणांना काही वाटलं नाही. दोन दिवस हात शिवशिवले, तिसऱ्या दिवशी विसरले.

घोडं अडलं मुंगीपाशी. पेन्सिल आपटायची नाही म्हटल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी धावायला लागली. दहातली चार बरोबर, मग तीन. सूर्याच्या जागी मुलगा, आठवड्याच्या वीकच्या जागी अशक्त या अर्थाचा. मी रागावले. मग तिच्या शेजारी बसून मवाळ आवाजात समजावलं, ते मला रागावण्यापेक्षा अवघड जातं.

“नुसतं थांब ना गं. मनात ठरव आणि लिही.”

“ठोकलं नाही की तो थांबत नाही मावशी.”

“कोण?”

“हात.”

तिनं उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. मला एवढं वाईट वाटलं की त्या दिवशी मी शिकवणी लवकर सोडली. या पोरीला मीच काठी दिली होती आणि मीच काढून घेतली होती. चार दिवस उरले होते. मुलं सोडली तर टकटक माझ्याखेरीज जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

बसनं तीन थांब्यांवर भिंगरावांचं घर. दारावरचं बटण दाबलं तर घंटा वाजली नाही. दाराच्या फटीतून आत दिवा लागल्याचं दिसलं, तेवढंच. मला वाटलं, बटणाच्या तारा चुकल्या असतील. मग दार उघडलं.

“वाचकबाई,” ते म्हणाले. “या.”

समोरच्या भिंतीवर ते घड्याळ होतं. ते पाहिल्यावर मी जे बोलायला आले होते ते बाजूला राहिलं आणि चार वर्षं साठवलेलं बाहेर आलं. एक चूक सुटली नाही म्हणे. आणि वाचलं कुणी? मान लववायला बरी येते, तोंड उघडायला काय झालं होतं? मी ओरडत होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

“हळू बोला,” ते म्हणाले. “ओरडलात की तोंड वाकडं होतं, मग मला कळत नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात तो दिवा लागला, दारावरच्या बटणाचा.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कान पूर्ण गेले त्याला दोन वर्षं झाली. पण जायला लागले ते छापखान्यातच. शेवटची सहा वर्षं.” ते खुर्चीवर बसले. “तुमचा आवाज यायचा. घागरीतून बोलल्यासारखा, पण समोर प्रूफ होतं, वाक्य लागायचं. पेन्सिल मात्र ऐकू येईना. सारख्या शब्दांत कुठला ते कसं कळणार? मग हात ठेवायला लागलो.”

“कुठे?”

त्यांनी डावा तळहात समोरच्या टेबलावर पालथा पसरला. “लाकडातून यायची तुमची टक. एक असली की एक, दोन असल्या की दोन. एकदाही चुकला नाहीत. मालकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.”

मी त्या हाताकडे बघत राहिले.

“त्या दिवशी तुमचं नाव घेतलं असतं तर टकटकीचं सांगावं लागलं असतं. टकटकीचं सांगितलं असतं तर हाताचं. धीर झाला नाही.” ते घड्याळाकडे बघून म्हणाले, “मला ते घड्याळ आवडत नाही. टांगलंय फक्त, कारण काढलं तर भिंतीवर डाग दिसतो.”

सहा वर्षं मी त्या हाताला आळशी म्हणत होते. मला लाज वाटली. राग इतका जुना झाला होता की तो गेल्यावर घरातली मोठी वस्तू कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. मग मी त्यांना हळूहळू, तोंड नीट उघडून, मुंगीचं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “पण टकटक ऐकू कशाला यायला पाहिजे? मला कुठे येत होती?”

एवढंच. पुढचं त्यांनाही सुचलं नाही. परत येताना मी बसथांब्यावर उभी होते आणि मनात वाक्यं म्हणत होते. आम्ही सुद्धा. टक. खाली पाहिलं तर माझ्या बुटाचं टोक हललं होतं. पावलाचा अंगठा आतल्या आत बुटाच्या तळाशी दाबला गेला होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्याचा पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. बसमध्ये मी तीन थांबे अंगठा आपटत आले.

त्या संध्याकाळी मुंगीला म्हटलं, “हाताला राहू दे. अंगठ्यानं ठोक. बुटात.”

पहिल्या दिवशी तिचा गुडघाच टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवशी पाऊल हललं, पण हातही थांबला. रविवारी दहातली आठ.

सोमवारी बाईंनी खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर मी आणि मुंगीचा बाप. बाकावरून मुंगीचं तोंड दिसत नव्हतं. टेबलाखाली दिसत होते ते तिचे पाय, पांढऱ्या कापडी बुटांतले, जमिनीला जेमतेम टेकलेले. बाई वाचत होत्या ते स्वच्छ ऐकू येत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काय लिहिणार हे मला तिच्या आधी कळणार आहे.

मुलगा सूर्याकडे बघतो. उजव्या बुटाचं कापड एकदा वर आलं, पुढच्याला नाही. बरोबर. आठवडाभर तो अशक्त होता. बरोबर. मी श्वास सोडला तर बाप म्हणाला, “काय झालं?” मी त्याला गप्प बसवलं. चौथं, पाचवं, सहावं. सातव्याला बाईंनी माझ्या बहिणीचे केस लांब आहेत असं वाचलं, आणि बूट हलला. हलायला नको होता. मी बाकाची कड घट्ट धरली. तिथून सांगता येत नव्हतं, आणि येत असतं तरी सांगायचं नव्हतं. चूक मुद्रितशोधकाला दिसते आणि तो ती दुरुस्त करतो. मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली चूक तशीच सोडून द्यावी लागली.

दहावं वाक्य बाईंनी हळूहळू वाचलं. आम्हीसुद्धा त्या दोन मुलींकडे गेलो, अशा अर्थाचं. इंग्रजीत तिन्ही टू एका रांगेत. आधी सुद्धाचा. बूट एकदा उचलला. मग कडेचा. बूट शांत. मग बराच वेळ काहीच नाही. मुंगीच्या आयुष्यात ती एवढा वेळ कधी थांबली नसेल. मग अंगठा उठला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

“दहापैकी नऊ,” बाई दारात येऊन म्हणाल्या. “एकच चूक. हिच्या बहिणीला लांबलचक ससा आहे.” हसू नये म्हणून त्यांनी ओठ दाबले होते. बापानं दोन्ही हात पँटला पुसले, आज ते स्वच्छ होते तरीही.

मी गप्प बसू शकले असते. सूनबाईनं बजावलंही होतं. पण मी म्हटलं, “बाई, ती ठोकत होती. बुटात.”

बाई वळल्या आणि टेबलाखाली पाहिलं. मुंगीनं पाय आखडून घेतले.

“मला वाटलं हिला बूट चावतोय,” त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसून पुढे म्हणाल्या, “आवाज नको म्हटलं होतं. आवाज झाला नाही. ज्याच्या त्याच्या बुटात ज्यानं त्यानं काय करायचं ते करावं.” आणि मुंगीच्या कागदावर सही केली. मी निघताना मात्र त्यांच्या टेबलाखाली बघितलं. त्यांच्या काळ्या चपलेतला अंगठा हलत होता, करून बघत असल्यासारखा.

गेल्या आठवड्यात भिंगराव आमच्याकडे आले. मीच बोलावलं होतं. मुलांनी त्यांना जागा करून दिली. मी जुन्या पुस्तकाचं एक पान चुका घालून मुलाकडून छापून आणलं होतं, ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि मूळ पुस्तक मुंगीच्या हातात दिलं. “तू वाच,” मी म्हटलं. “इथे ठोकायचं. जोरात.”

भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं, लाल पेन काढलं आणि डावा तळहात त्या खळगे पडलेल्या टेबलावर पालथा पसरला. मुंगी वाचायला लागली, आणि ती वाचेल तसं शेजारचा एक मुलगा भिंगरावांच्या पानावर शब्दाखाली बोट सरकवत गेला. मी आपली तिच्या चुका धरायला बसले होते, पण लक्ष त्या हाताकडेच जात होतं. शेवटी मीही माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

टक. तळहाताला बारीकशी जाणवली. मग टक टक. एवढीशीच होती. एवढ्याशा गोष्टीवर एका माणसानं सहा वर्षं काढली, आणि ती मी पाठवत होते. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. भिंगरावांनी लाल पेनानं एक खूण केली आणि वर न बघता मान हलवली.

मुंगी थांबली. “मावशी, तुम्ही का हात ठेवलात?”

“तू वाच,” मी म्हटलं. “स्वल्पविराम सोडलास.”